खुर्ची आणि नोंदवही : बीडच्या आरोग्यकारभाराचा इतिहास

🧵 धागा

१/
बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या कुशीत कपिलधार आहे. 'परमरहस्य' या ग्रंथाचे कर्ते, सोळाव्या शतकातील वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची संजीवन समाधी तेथे आहे. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो. कार्तिक पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून दिंड्या तेथे येतात.

२/
दिंड्या डोंगराकडे येत असतात त्याच सुमारास डोंगरातली माणसे बाहेर पडत असतात. दसरा-दिवाळी उलटली की बीडच्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये धान्य, भांडी, लेकरे, शेरडे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, म्हणजे चार ते सहा महिने, संसार उसाच्या फडाशेजारच्या कोपीत.

३/
या प्रवासात बाईचा देह जातो, पण त्या देहाची नोंद गावीच राहते. गरोदरपणाची तपासणी, रक्तातील लोहाचे प्रमाण, आधीच्या बाळंतपणातील अडचणी, सारे गावच्या उपकेंद्रातील वहीत. फडाजवळच्या दवाखान्यातील डॉक्टरपुढे ती येते तेव्हा तिला भूतकाळच नसतो.

४/
असे का व्हावे? पैसा नाही, डॉक्टर नाहीत, रस्ते नाहीत, ही उत्तरे खोटी नाहीत. पण त्यांच्यामागे एक जुने उत्तर आहे. आरोग्याच्या नोंदवहीत कोणता रकाना असावा हे खुर्चीवर बसलेला अधिकारी ठरवतो, आणि त्या खुर्चीवर कोण, किती दिवस बसेल हे सरकार ठरवते. बीडचा इतिहास या दोन वाक्यांच्या आधारे पुन्हा वाचता येतो.

५/
सुरुवात निजामाच्या हैदराबादेतून करावी लागते, कारण १९४८ पर्यंत बीड हा त्या संस्थानाचा जिल्हा होता. पुण्या-मुंबईच्या आरोग्यखात्याशी त्याचा संबंध नव्हता. बीडच्या दवाखान्यांचा वरिष्ठ हैदराबादेत बसे.

६/
१८८५ मध्ये तेथे एडवर्ड लॉरी हे रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. संस्थानाच्या वैद्यकीय खात्याची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि हैदराबाद मेडिकल स्कूलही. त्यांनी तेथे स्त्रियांना प्रवेश दिला. त्या शाळेत शिकलेल्या रुपाबाई फर्दुनजी या जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जातात. एका नेमणुकीचे हे एक फळ.

७/
लॉरी एडिंबरोचे विद्यार्थी, शल्यविशारद जेम्स साइम यांच्या परंपरेतले. क्लोरोफॉर्म देताना रुग्णाचा श्वास सांभाळा, हृदयाची काळजी करण्याचे कारण नाही, हे त्या परंपरेचे मत. लंडनमध्ये त्यावर वाद होता. लॉरींनी वाद मिटवण्यासाठी निजाम सरकारच्या खर्चाने चौकशी आयोग नेमवला : पहिला १८८८ मध्ये, दुसरा १८८९ मध्ये. दुसऱ्यासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावण्यात आले.

८/
शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. रक्तदाब आणि श्वास यांचे आलेख फिरत्या पंपावर नव्हे, तर काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर उमटवले गेले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. पण ते आलेख अहवालासोबत जपले गेले, म्हणून पुढच्या अभ्यासकांना निष्कर्षाची फेरतपासणी करता आली. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलक्या मात्रेतही क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकते.

९/
खातेप्रमुखाचे मत चुकले, पण नोंद टिकली. मत आणि नोंद वेगळी ठेवण्याचे मोल येथे दिसते. प्रमुखाच्या मताला सोयीचे तेवढेच लिहिले गेले असते, तर चूक शोधायला कोणाला जागाच उरली नसती.

१०/
याच लॉरींची दुसरी बाजूही आहे. लाव्हेराँ यांनी दाखवलेला हिवतापाचा परजीवी त्यांना मान्य नव्हता. त्याच शहराशेजारी, सिकंदराबादेत, भारतीय वैद्यकीय सेवेतील रोनाल्ड रॉस डासांची पोटे चिरून तो परजीवी शोधत होते. ते लष्कराच्या बाजूचे डॉक्टर, लॉरींच्या हाताखालचे नव्हेत. तसे असते तर काय झाले असते, ही कल्पना वाचकाने करावी.

११/
२० ऑगस्ट १८९७ रोजी रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला. जगातील एका सर्वांत मोठ्या शोधाचा धागा हाती आला होता. त्यानंतर महिनाभरात सरकारी हुकूम आला : बदली, राजपुतान्यातील खेरवाडा. तेथे त्यांच्या कामाला लागणारा हिवतापच जवळपास नव्हता.

१२/
१८९८ च्या आरंभी लंडनहून पॅट्रिक मॅन्सन यांनी वजन खर्च केल्यावर रॉस कलकत्त्याला पोहोचले आणि पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी शोध पूर्ण केला. १९०२ मध्ये नोबेल मिळाले. मधले महिने मात्र वाया गेले. काम तुटले नाही, कारण टिपणवह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या आणि ते त्या सोबत घेऊन गेले.

१३/
येथे बीडच्या बाईचा प्रश्न उलटा उभा राहतो. रॉस यांची वही रॉस यांच्याबरोबर प्रवास करत होती. ऊसतोड बाईची वही तिच्याबरोबर प्रवास करत नाही. संशोधकाला जे सहज साधले ते रुग्णाला साधावे, यासाठी एका माणसाची चिकाटी पुरत नाही, व्यवस्था लागते.

१४/
सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. आठ वर्षांत बीडच्या आरोग्यकारभाराची राजधानी हैदराबादहून मुंबईला गेली. दफ्तराची भाषा उर्दूची मराठी झाली.

१५/
दफ्तर बदलले की जुने कागद मुके होतात, आणि त्यांची किंमत पुष्कळ उशिरा कळते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी भासली. नोंद कोणत्या पिढीच्या कामी येईल, हे ती लिहिणाऱ्याला माहीत नसते.

१६/
पुढचा टप्पा १ मे १९६२. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा तो मोठा प्रयोग होता. पण आरोग्याच्या बाबतीत त्यातून एक दुभंग कायम झाला : एका जिल्ह्यात दोन प्रमुख.

१७/
प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे, त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालये आणि ग्रामीण रुग्णालये राज्य शासनाकडे, त्यांचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. एकाची नेमणूक झाली की दुसऱ्याचा कारभार बदलत नाही. एकाची वही दुसऱ्याच्या टेबलावर आपोआप येत नाही.

१८/
बीडमध्ये याला तिसरी खुर्ची जोडली गेली. १९७० च्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. ग्रामीण भागासाठी असे महाविद्यालय ही अभिमानाची गोष्ट होती. त्याचे अधिष्ठाता वैद्यकीय शिक्षण विभागाला उत्तरदायी, सार्वजनिक आरोग्य विभागाला नव्हे.

१९/
आता एका गरोदर बाईचा प्रवास पाहावा. तपासणी उपकेंद्रात : पहिली वही. रक्तस्राव झाला म्हणून ग्रामीण रुग्णालय : दुसरी वही. प्रकृती चिघळली म्हणून अंबाजोगाई : तिसरी वही. जन्माची नोंद ग्रामपंचायतीत : चौथी. मध्ये खासगी दवाखाना आला तर तेथील केसपेपर कोणत्याच वहीत नाही. बाई एक, नोंदी पाच, आणि त्या एकत्र पाहणारा अधिकारी कोणीही नाही.

२०/
नोंद एकत्र आली तर काय घडू शकते, याचा पहिला मोठा धडा सोनोग्राफीने दिला. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीसाठी 'एफ' अर्ज भरणे बंधनकारक झाले. अर्ज भरले जात, गठ्ठे बांधले जात, कपाटात जात.

२१/
कपाटाबाहेर काय चालले होते ते जनगणनेने सांगितले. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण बीड जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ होते. २०११ मध्ये ते ८०७ वर आले. राज्याचा आकडा त्या वर्षी ८९४ होता. दहा वर्षांत एवढी घसरण होत असताना प्रत्येक तपासणीचा अर्ज कागदावर अस्तित्वात होता. तो कोणी एकमेकांशेजारी ठेवून वाचला नव्हता.

२२/
त्याच काळात कोल्हापुरात वेगळे घडले. तेथील मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ८३९ इतके खाली गेले होते. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख, म्हणजे पुढे २०१८ च्या बडोदा साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले लेखक, यांनी 'एफ' अर्ज ऑनलाइन भरण्याची पद्धत आणली. सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे नोंद ठेवणारे उपकरण जोडायला लावले.

२३/
फरक असा : गठ्ठ्यातून एक अर्ज शोधायला महिना लागे, संगणकात एका केंद्राचे सर्व अर्ज क्षणात समोर येत. कोणत्या केंद्रात दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या, आधी मुलीच असलेल्या मातांची गर्दी होते, हे विचारता येऊ लागले. प्रश्न विचारण्याची सोय झाली की नोंद पुराव्याचे काम करू लागते.

२४/
रेडिओलॉजिस्टांची संघटना न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा त्यांनी मांडला, आणि तो क्षुल्लक नव्हता. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश वैध ठरवला. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ झाला. पुढे अधिकारी बदलले, पण निकालामुळे त्या पद्धतीला एका माणसाच्या उत्साहापलीकडचा आधार मिळाला होता.

२५/
बीडला जाग आली ती मे २०१२ मध्ये, परळीतील एका खासगी दवाखान्यात गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला तेव्हा. संबंधित डॉक्टर दांपत्याला शिक्षा व्हायला फेब्रुवारी २०१९ उजाडला. कोल्हापूर आणि बीड, एकच कायदा, एकच अर्ज. एका ठिकाणी खुर्चीवरच्या माणसाने अर्ज वाचायचे ठरवले, दुसऱ्या ठिकाणी ते एका मृत्यूनंतर वाचले गेले.

२६/
२०१९ मध्ये बीडचे नाव पुन्हा देशभर गाजले. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्या आल्या. तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत माहिती दिली : तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या. हा आकडा रुग्णालयांच्या दफ्तरातून आलेला होता.

२७/
शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ही नेमणूक महत्त्वाची, कारण प्रमुख बदलला तसा प्रश्नही बदलला. किती शस्त्रक्रिया झाल्या एवढेच न विचारता, ऊसतोड बायांकडे जाऊन त्यांनाच विचारायचे ठरले. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते.

२८/
साधारण सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, देशभरात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन पाहण्यांची पद्धत आणि वयोगट वेगळे आहेत, तरी तफावत झाकता येण्यासारखी नाही.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून दोन साधने शेजारी ठेवावीत. ४,६०५ हा तीन वर्षांचा, शस्त्रक्रियांचा, रुग्णालयांनी सांगितलेला आकडा. १३,८६१ हा आयुष्यभराचा, स्त्रियांनी सांगितलेला. दोन्ही खरे असू शकतात. पण पहिला आकडा 'बाई ऊसतोड कामगार आहे का, तिचे वय काय, इतर उपचार करून पाहिले का' यांविषयी काहीच बोलत नाही. त्या वहीत तो रकानाच नव्हता.

३०/
रकाना नसल्यामुळे कारण दिसत नव्हते. फडात पाणी नाही, आडोसा नाही, पाळीत विश्रांती नाही. एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, म्हणून बाई दवाखान्यात जाते. तेथे कर्करोगाची भीती घातली जाते. पिशवी काढली की कटकट मिटेल, असे तिलाही वाटू लागते. उचल फेडायची असते. निर्णय तिचा म्हणावा, तर पर्याय कोणी ठेवले होते?

३१/
त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले. ऊसतोडीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर स्त्रियांची आरोग्य तपासणी आणि त्यांच्यासाठी आरोग्य कार्ड, ही दिशा पुढे आली. कार्ड म्हणजेच बाईबरोबर प्रवास करणारी वही. १८९७ मध्ये रॉस यांच्या पेटीत जे होते ते बीडच्या बाईच्या पिशवीत असावे, ही कल्पना २०१९ मध्ये सरकारी कागदावर आली.

३२/
कल्पना कागदावरून यंत्रावर आणणे हा वेगळा खेळ आहे, आणि तेथेही नेमणुकांचा ठसा दिसतो. अमेरिकेत २००९ मध्ये कायद्याने रुग्णालयांना संगणकीय नोंदींसाठी पैसे देण्याची तरतूद झाली. डेव्हिड ब्लुमेंथल यांना राष्ट्रीय समन्वयक नेमण्यात आले. संगणक विकत घेतला म्हणून नव्हे, तर त्याचा रुग्णासाठी अर्थपूर्ण वापर केला तरच पैसा, असा नियम त्यांच्या काळात घडला.

३३/
२००८ मध्ये तेथील दहापैकी एकाहून कमी रुग्णालयांत अशी मूलभूत व्यवस्था होती, २०१५ मध्ये दहापैकी आठांहून अधिक ठिकाणी. दरम्यान ब्लुमेंथल पद सोडून गेले होते. आरोग्यविम्याच्या मोठ्या सरकारी यंत्रणेचे प्रमुख डोनाल्ड बर्विक यांना सिनेटची मान्यता मिळण्याची चिन्हे नसल्याने २०११ च्या अखेरीस जावे लागले. माणसे गेली, नियम आणि निधी कायद्यात असल्याने काम चालू राहिले.

३४/
भारतात १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू झाले. प्रत्येकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक, आणि त्या क्रमांकाला जोडलेल्या नोंदी. देशभर लागू होताना राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचे प्रमुख होते आर. एस. शर्मा, ज्यांनी आधी आधार प्राधिकरणाचे पहिले महासंचालक म्हणून काम केले होते. कोविड लसीकरणाचे 'कोविन'ही त्यांच्याच देखरेखीखाली चालले.

३५/
आधार उभारणारा माणूस आरोग्याच्या खुर्चीवर असताना आरोग्यनोंदीची देशभरची अंमलबजावणी ओळख क्रमांकापासून सुरू झाली, यात आश्चर्य नाही. एखादा बालरोगतज्ज्ञ त्या जागी असता तर कदाचित सुरुवात लसीकरणाच्या वहीपासून झाली असती. यात बरे-वाईट असा सरसकट निवाडा नाही. प्रमुखाचा पूर्वानुभव व्यवस्थेचा आराखडा घडवतो, एवढेच ध्यानात घ्यायचे.

३६/
क्रमांक मिळाला म्हणजे नोंद मिळाली असे नव्हे. रिकाम्या वहीवर नाव घालण्यासारखे ते आहे. महाराष्ट्राने याचा कडू अनुभव २०२२ मध्ये घेतला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या अनेक रुग्णालयांतील संगणकीय नोंदप्रणाली सेवा देणाऱ्या कंपनीशी झालेल्या देयकांच्या वादात थांबली आणि डॉक्टर पुन्हा कागदावर लिहू लागले. यंत्रणा बंद पडली की बाईला पुन्हा भूतकाळ उरत नाही.

३७/
त्याच वर्षीची दुसरी घटना बीडच्या दृष्टीने विशेष आहे. बीड जिल्ह्यातील ताडसोन्ना गावचे तुकाराम मुंढे यांची सप्टेंबर २०२२ च्या अखेरीस राज्याचे आरोग्य सेवा आयुक्त आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. ऊसतोडीच्या मुलखात जन्मलेला अधिकारी राज्याच्या आरोग्यखात्याच्या एका सर्वोच्च खुर्चीवर होता. २९ नोव्हेंबरला त्यांची बदली झाली. मुदत भरली दोन महिने.

३८/
मुंढे यांच्या कार्यशैलीचे चाहते आहेत तसे टीकाकारही. तो वाद येथे बाजूला ठेवता येतो. प्रश्न मुदतीचा आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्यात एका पदावरील सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षे मानला आहे. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सनदी अधिकाऱ्यांना किमान निश्चित मुदत द्यावी असे सांगितले.

३९/
दोन महिन्यांत काय होते? अधिकारी चांगला असो वा वाईट, ऊसतोडीचा एक हंगामही त्याला पूर्ण पाहता येत नाही. ऑक्टोबरात गेलेली बाई एप्रिलमध्ये परतते. जाण्यापूर्वी तिची तपासणी झाली की नाही, परतल्यावर तिची प्रकृती कशी आहे, या दोन नोंदी जुळवण्यासाठी त्याच खुर्चीवर निदान सहा महिने कोणीतरी असावे लागते, किंवा खुर्ची रिकामी असली तरी चालत राहील असा नियम असावा लागतो.

४०/
लॉरी सोळा वर्षे खुर्चीवर होते आणि हिवतापाबाबत चुकीचे राहू शकले. म्हणून दीर्घ मुदत हाच उपाय, असेही इतिहास सांगत नाही. तो दोन गोष्टी एकत्र मागतो : काम समजेल इतकी मुदत, आणि प्रमुखाचे मत चुकले तर दाखवून देईल अशी, त्याच्या मर्जीबाहेर टिकणारी नोंद. हैदराबादचे आलेख आणि कोल्हापूरचे ऑनलाइन अर्ज दुसऱ्या गोष्टीची उदाहरणे आहेत.

४१/
आणि तिसरी एक सावधगिरी. कोल्हापूरच्या खटल्यात उपस्थित झालेला खासगीपणाचा प्रश्न ऊसतोड बाईच्या बाबतीत अधिक तीव्र आहे. तिचे गर्भाशय काढले आहे की नाही, ती गरोदर आहे की नाही, ही माहिती मुकादमाच्या हाती पडली, तर उचल देताना तो तीच पाहील. वही तिच्याबरोबर फिरावी, पण ती उघडण्याचा अधिकार तिचा आणि तिच्या डॉक्टरचा असावा.

४२/
कार्तिक पौर्णिमेची यात्रा आटोपली की कपिलधारच्या डोंगरातले रस्ते ओस पडतात. मांजरसुंब्यावरून ट्रक घाट उतरत राहतात. त्यांतील एखादी बाई सहा महिन्यांची गरोदर असेल. तिच्या पिशवीत भाकरीचे पीठ असेल, लेकराचे कपडे असतील. तपासणीचे कार्ड असेल का, आणि फडाजवळचा डॉक्टर ते वाचू शकेल का, याचे उत्तर ती गावातून निघण्याच्या कितीतरी आधी, कोणत्या तरी नेमणुकीच्या आदेशात आणि कोणत्या तरी अर्जाच्या रकान्यात लिहिले गेलेले असते.

(धागा समाप्त)